पडद्यामागचा मधला

“आप्पा, येतंय का ऐकू?”

मित्रांनो, माझ्या तोंडून निघालेले पहिले शब्द हे. ते माझे नव्हते, एका लहान मुलीचे होते. काचेपलीकडच्या छोट्या खोलीत ती उंच स्टुलावर पाय हलवत बसली होती. तिच्यापुढे माईक होता. अलीकडे, माझ्यासमोर, तिचा बाप कान टवकारून उभा होता.

“येतंय, बयो. अगदी कुशीत बसून बोलल्यासारखं येतंय,” तो म्हणाला आणि असा हसला, की नव्या लाकडाचा वासही न गेलेला मी आतून थरारलो. तो आवाज मी अजून जपून ठेवला आहे.

मी आता एक जुना स्पीकर आहे. सिनेमातले सगळे आवाज जिथे जुळवतात, त्या खोलीत पांढऱ्या पडद्याच्या मागे, बरोबर मधोमध माझी जागा. पडदा तुम्हाला सलग दिसतो, पण त्याला सुईने टोचावीत तशी बारीक भोके असतात. त्यांतून माझे बोलणे तुमच्यापर्यंत झिरपते. एका कारखान्यात सुताराने माझी पेटी जोडली, तिच्यात कागदाचा मोठा शंकू बसवला आणि बारीक, धारदार आवाजांसाठी वर एक छोटा कर्णा दिला. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांची धार त्या कर्ण्यातून निघते.

मला भावंडे पुष्कळ. काही डावी-उजवीकडे, काही बाजूच्या भिंतींवर, काही थेट मागे. डावीकडून वारा यावा, उजवीकडून पाखरू जावे, मागून कुणाची पावले यावीत; बोलणे मात्र मधूनच, म्हणजे माझ्याकडूनच यावे, अशी आमच्या घरची रीत. कधी कधी मला हेवा वाटे. वाटे, एखादे पाखरू आपल्याही वाट्याला यावे.

ही रीत आप्पांनी, म्हणजे त्या मुलीच्या, इथे आवाज जुळवणाऱ्या बापाने, एकदाच मोडली. पडद्यावरची आई दुरून लेकाला हाक मारते, ती हाक त्यांनी मागच्या भिंतीवरच्या भावंडांना दिली. थिएटरात पहिल्याच खेळाला सगळे प्रेक्षक माना वळवून दाराकडे बघू लागले. एक आजोबा तर “आलो, आलो” म्हणत उठलेसुद्धा. तेवढ्यात पडद्यावर लेकाचे डोळे भरून आले होते, ते कुणाच्याच दृष्टीस पडले नाही. आप्पा परतले आणि माझ्या पेटीवर थाप मारून म्हणाले, “बोलणं तुझ्याकडेच बरं, बाबा.”

त्या थापेवर मी कित्येक वर्षे काढली. आप्पांच्या कानांची लोक नवलाई सांगत. जिन्यावरच्या पावलांवरून कोण येतेय, कुणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय, हेही ते ओळखत. बयो मोठी झाली आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसू लागली. बोललेली वाक्ये निवडावीत, त्यांतला कचरा काढावा आणि ती बापाच्या हाती द्यावीत, हे तिचे काम. दोघे कामात भांडत आणि चहाला एकत्र हसत.

मग माझ्यावर बोट आले. आप्पा म्हणू लागले, मधला दबलाय. याच्या घशात काहीतरी अडकलंय. ते माझी धार वाढवत नेत. माझ्या तोंडून ‘स’ आणि ‘श’ टाचण्यांसारखे उडू लागले. दिग्दर्शक बाई कानाशी हात नेत, पण आदरापोटी काही बोलत नसत. आप्पा चहाला उठले, की बयो हळूच टेबलावरची, माझी धार कमी-जास्त करणारी खुंटी खाली सरकवी आणि मला पुन्हा माणसात आणी. आप्पांना ती चकार शब्द बोलत नसे.

खरे काय ते मला दिसत होते. पडद्यावरचे माणूस समोर तोंड करून बोलले, की आप्पांची तक्रार नसे. त्याने पाठ फिरवली, की मी दबलेला! आप्पा कानांनी कमी आणि ओठांवरून जास्त ऐकू लागले होते. पण मी कसे सांगणार? साऱ्यांचे बोलणे माझ्या तोंडून निघते. माझे बोलणे मात्र कुणाच्याच तोंडून निघत नाही.

दुरुस्तीवाले काका आले. त्यांनी माझा शंकू चाचपला, कर्णा तपासला आणि बयोला म्हणाले, की हा ठणठणीत आहे, बिघाड दुसरीकडे बघा. त्यांनी आप्पांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले. बयोने मान खाली घातली. मीच सांगेन त्यांना, म्हणाली. आणि सांगेना. ज्याचा सारा मान कानांत, त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

अखेर एक सिनेमा आला. त्यात शेवटी एक बहीण खिडकीकडे तोंड करून, आपल्याकडे पाठ करून म्हणते, “सोबत राहणार असशील, तर सावकाश ये.” त्या एका वाक्यावर सगळी गोष्ट उभी होती. आप्पांनी ते पुन्हा पुन्हा ऐकले. मग म्हणाले, की याला काढा, नवा बसवा, आणि तोवर कुणी खुंटीला हात लावायचा नाही. मी शहारलो. नवाही त्यांना दबलेलाच वाटणार, त्यालाही ते टाचण्या फुटवणार, आणि तो सिनेमा आप्पांच्या नावासकट कान टोचत गावोगाव जाणार.

मित्रांनो, जुनी वस्तू नीट बोलत नाही असे वाटले, तर टाकण्याआधी थोडे थांबा. आणि आपले कान जपा. पेटी नवी मिळते, शंकू नवा मिळतो; कान मिळत नाहीत.

नवा स्पीकर खोक्यात येऊन दाराशी उभा राहिला. काकांनी शिडी लावली. मी मनात सगळे आवाज गोळा करू लागलो, वाटेची शिदोरी बांधावी तसे.

“काका, जरा थांबा,” बयो म्हणाली आणि काचेपलीकडच्या खोलीत गेली. तिने माईक फिरवून घेतला, आमच्याकडे पाठ केली आणि तोंडाशी धरून बोलली. तेच शब्द माझ्या तोंडून पुन्हा निघाले, मोठ्या झालेल्या गळ्यातून.

“आप्पा, येतंय का ऐकू?”

“बघ, दबलेलं येतंय,” आप्पा म्हणाले.

ती वळली. माईकही वळवला. काचेतून बापाकडे पाहत, तेवढ्याच आवाजात तिने तेच विचारले.

“आता आलं स्पष्ट. काय केलंस?”

“काही नाही, आप्पा. नुसतं तोंड फिरवलं.”

काकांनी शिडीचा पाय उगीचच नीट केला. आप्पांचा हात टेबलावरच्या खुंटीवरून सावकाश खाली आला. ते उठले, पडद्याजवळ आले आणि बारीक भोकांवर तळवा ठेवून उभे राहिले. बयो धावत बाहेर आली, तरी ते माझ्याकडेच बघत होते.

“शिडी काढा,” ते काकांना म्हणाले. मग लेकीकडे वळले.

“मला माहीत होतं, बयो. पाखरांचे आवाज तर कधीचेच गेले. तुझा आवाजही जाईल, या भीतीनं मी याला बोल लावत राहिलो.”