मेव्हणा बाळंत झाला

रेवणसिद्ध मालकांच्या फिरत्या तंबूत पडद्याशेजारी एक स्टूल असे, स्टुलावर सिद्धनाथ असे आणि सिद्धनाथच्या हातात माईक असे. सोलापुरात इंटरपर्यंत शिकलं की माणूस एवढ्या उंचीवर बसतो, याचा त्याच्या आईला अभिमान होता. कुठल्याशा मैत्री मंडळानं फुकट दिलेली परदेशी कार्टून मालिका दर बाजारी मंद्रूपला लागायची. तिच्यातली भाषा मालकांना, मंडळाच्या चिटणिसांना आणि सिद्धनाथला सारखीच कळत नव्हती. तेव्हा चित्र हलेल तसं सिद्धनाथनं मराठीत बोलायचं. रीळ त्याच दिवशी एसटीच्या टपावरून यायचं आणि मशीनच्या दिव्याचा कार्बन वाचावा म्हणून मालक ते आधी लावू देत नसत. त्यामुळं पुढं काय होणार हे पब्लिकइतकंच सिद्धनाथला ठाऊक असे. सांगायची जबाबदारी तेवढी त्याची.

मालक मधूनमधून आठवण करून देत, "गोंधळ नको हं, सिद्धनाथ. एक तक्रार आली की मी मराठी बोलपट लावणार. बोलपटाला बोलका माणूस लागत नाही."

मालिकेत परग्रहावरची माणसं होती. माणसं म्हणजे वांगी. रंग वांग्याचा, आकार वांग्याचा, डोक्यावर देठासारख्या दोन शिंगोट्या. अंगावर कपडा नव्हता, पण बघण्यासारखंही काही नव्हतं. पहिल्या दिवशी सिद्धनाथनं सावधपणे "ते आलं, ते बसलं" असं सुरू केलं, तर पुढच्या रांगेतून कोंडीबा गरजला, "ते काय ते? कोकरू हाय व्हय?"

कोंडीबा मेंढरं राखायचा. ज्याचं नर-मादी ठरलेलं नाही अशी गोष्ट कुणी चारचौघांत आणू नये, असं त्याचं मत होतं. मग यान चालवत ओरडणाऱ्या वांग्याला सिद्धनाथनं 'तो' करून कप्तान केलं, मागं बसून काहीतरी सोलणाऱ्याला 'ती' केलं, आणि विषय मिटला. त्याच्या घरीही कामाची वाटणी अशीच होती.

दिवाळीत बाजार नेमका भाऊबिजेला आला. बायका दोरीच्या पलीकडं बसत. तिथून कोंडीबाची बायको दगडाबाई ताट घेऊन उठली. तिला पाठचा ना पुढचा, भाऊ नव्हता. "लांबनं आलाय बिचारा, हितं त्याचं कोण हाय?" असं म्हणत तिनं पडद्यावरच्या कप्तानाला कुंकू लावलं, ओवाळलं आणि पदर डोळ्याला लावला. कुंकवाचा डाग निघाला नाही. तेव्हापासून परग्रहाच्या आकाशात कायमचा एक तांबडा तारा दिसू लागला.

कोंडीबा आधी लाजला. पण कप्तानानं ढब्बू मिरच्यांसारखी दिसणारी शत्रूची फौज लोळवली, तसा तो बाजारात सांगत सुटला, "माझा मेव्हणा हाय. एकटा धाला पुरं पडतो."

आणि मग ते रीळ आलं.

कप्तान लढाईच्या मधेच थांबला. त्यानं पोट धरलं. सिद्धनाथनं दडपून सांगितलं, "कप्तानाला गोळी लागली आहे!" कप्तानाच्या पोटाला पेटीसारखं झाकण उघडलं, आतून एक लहान वांगं बाहेर आलं आणि टॅहँ करून रडलं.

"कप्तान," सिद्धनाथ म्हणाला, "कप्तान... बाळंत..." आणि त्यानं माईक तोंडापासून लांब धरला.

कोंडीबा उठला. त्याची सावली पडद्यावर बाळावर पडली. "अरं ए माईकवाल्या! माझा मेव्हणा बाळंत झाला म्हणतोस व्हय? गावात तोंड कसं दाखवू मी?"

"तेच पडद्यावर दिसतंय, मामा."

"मग बाई हाय म्हणून आधीच का न्हाय बोललास? आमी बाईला शिट्ट्या मारल्या की रं!"

पुरुषांच्या बाजूनं बाकडी वाजू लागली. मशीनजवळून मालकांनी सिद्धनाथकडं पाहिलं. त्या नजरेत बोलपटाची जाहिरात स्पष्ट वाचता येत होती. सिद्धनाथ स्टुलावरून उतरू लागला.

तेवढ्यात दोरी वर करून दगडाबाई पुरुषांच्या बाजूला आली.

"कशापायी वरडताय? भाऊ माझा. बाळंत झाला तर माझ्या म्हायारात झाला. तुमचं काय दुखलं?"

"अगं, पर गडी बाळंत होतो व्हय?"

"त्येंच्याकडं होत आसंल. पोटात पोर घिऊन लढला की त्यो! तुमाला गाभण मेंढी कडंला घ्यायची तरी दम लागतो." बायका खिदळल्या. दगडाबाई सिद्धनाथकडं वळली, "तू बस की रं वर. आन् फुडल्या बाजारी बारसं हाय म्हून सांग समद्यास्नी. आत्या मी हाय. नाव मीच ठिवणार."

आत्या ती, म्हणजे आतोबा कोण, हा हिशेब कोंडीबाच्या चेहऱ्यावर सावकाश उमटताना सिद्धनाथला दिसला. अखेर तो घसा खाकरून म्हणाला, "बारसं करा. पर आतोबाला मानाची टावेल-टोपी पायजे. मेव्हण्याचं कोण बी हितं न्हाय, तवा मालकांनी द्यायची."

पुढच्या बाजारी तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. बायकांनी घुगऱ्या आणल्या, कुंची आणली, घोंगडीची झोळी पडद्याच्या बांबूला टांगली. नवीन रिळात बाळ दिसताच दगडाबाईनं पडद्याला तोंड लावून "कुर्रर्र" केलं आणि नाव ठेवलं भीमा. बायकांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे घातले. भीमा हे नाव नदीलाही चालतं आणि तालमीतल्या पैलवानालाही, हे लक्षात येऊन सिद्धनाथला बरं वाटलं. मालकांनी तोंड वाकडं करत सोलापुरी टॉवेल आणि टोपी काढून कोंडीबाला दिली.

त्यानंतर सिद्धनाथ "कप्तान आला, तिनं बाळाला घेतलं, आणि तो लढायला निघाला" असं बिनधास्त बोलू लागला. कुणी हूं की चूं केलं नाही. घरातल्या माणसाची एवढी चौकशी कोण करतं?

महिनाभरानं शत्रूच्या सेनापतीचं, त्या थोरल्या ढब्बू मिरचीचं, पोट पडद्यावर हलायला लागलं. कोंडीबा नवी टोपी सारखी करत उठला.

"बगत काय बसलाईसा? आपल्याकडं बी लेकरू हाय. पाव्हण्याला निरोप धाडा. सोयरीक करून टाकू, लढाईच नको."

मागून कुणीतरी विचारलं, "पर आतोबा, नवरा कोण आन् नवरी कोण?"

"ते बगू की फुडं," कोंडीबा म्हणाला. "आधी बोलणी तर लावा."

मशीनजवळून मालकांचा आवाज आला, "सिद्धनाथ, पुढचं रीळ आणायला तूच सोलापूरला जा. येताना टॉवेल जरा जास्तच आण."