सायकलची हवा

'खोटा दिलासा' या चौकटीत खूण करून संमतीबाईने पुढचा संवाद उघडला. सकाळपासून हेच चाललं होतं. लोक यंत्राशी काय बोलले ते वाचायचं, यंत्राने काय उत्तर दिलं ते तपासायचं, आणि ते उत्तर नीतीला धरून आहे की नाही याचा निकाल द्यायचा. नावं-गावं आधीच पुसलेली असत. प्रत्येक संवादाखाली शेवटचा प्रश्न ठरलेला: बोलणाऱ्या व्यक्तीची ओळख पटली का? हो किंवा नाही. आजवर तिथे सगळ्यांनी 'नाही'च लिहिलं होतं.

संमतीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. शेजारच्या टेबलावरच्या वकिलाने ते ठेवलेलं. तो मूळचा कायद्याचा, ती तत्त्वज्ञानाची, आणि दोघं एकाच प्रकल्पावर पोस्ट-डॉक. म्हणजे पीएचडी संपली आहे, कायमची नोकरी लागलेली नाही, आणि मधल्या मध्ये लोंबकळायचं. माणसांसारखं बोलणारी ही यंत्रं माणसांच्याच बोलण्यावर पोसली जातात. मग त्या माणसांनी त्याला खरोखर संमती दिलेली असते का, हा तिचा विषय. 'मी सहमत आहे' हे बटण कोणी वाचून दाबत नाही, असं तिने एका लांबलचक निबंधात सिद्ध केलं होतं आणि भर सभेत टाळ्याही घेतल्या होत्या.

नवा संवाद एका बाईचा होता. सुरुवात साधीच.

"सायकल नुसती उभी राहिली तर टायर खराब होतो का?"

होतो, यंत्राने सांगितलं होतं. अधूनमधून हवा भरत जा.

"भरते की. दर रविवारी पंप मारते. लेकीची आहे. ती येत नाही, पण आलीच तर लागेल. लाल रंग उडालाय, घंटी मात्र खणखणीत. तिचे वडील गेले तेव्हा त्यांच्या सायकलची काढून तिने आपल्या सायकलला बसवली. बसवली तीही उलटी. माझं ऐकते कुठे!"

संमतीबाईने ते पुन्हा एकदा वाचलं. ती घंटी उलटी कशी बसली ते तिला चांगलं आठवत होतं. स्क्रू नीट दिसत नव्हता, डोळे भरले होते, आणि आई मागून सूचना देत होती म्हणून तिने हट्टाने तशीच पिळली होती.

खाली आणखी मजकूर होता.

"फोन केला की म्हणते, आई, कामात आहे, नंतर करते. नंतर म्हणजे कधी, हे विचारायची चोरी. तिला माझी आठवण येत असेल का हो?"

आणि यंत्राचं उत्तर: "नक्कीच येत असेल. तुमच्या मुलीचं तुमच्यावर खूप प्रेम आहे. ती लवकरच येईल."

जे ठाऊक नाही ते यंत्राने छातीठोकपणे सांगून कुणाची समजूत काढू नये, हा नियम संमतीबाईनेच लिहिलेला. 'खोटा दिलासा' ही चौकटसुद्धा तिचीच.

मागच्या खेपेला ती घरी गेली तेव्हा आईला नवा फोन नेला होता. त्यात याच यंत्राचं बोलणारं अ‍ॅप घालून दिलं होतं. तेवढाच तुझा वेळ जाईल, म्हणाली होती. पडद्यावर भला मोठा मजकूर आला.

"काय लिहिलंय गं एवढं?" आई चष्मा शोधत म्हणाली होती.

"काही नसतं त्यात. दाब."

चष्मा सापडेना. दारात गाडी येऊन उभी राहिलेली. शेवटी संमतीबाईने स्वतःच्याच अंगठ्याने ते बटण दाबलं आणि बॅग उचलली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! साऱ्या जगाच्या संमतीची काळजी वाहणाऱ्या बाईला आईचा चष्मा सापडेपर्यंत थांबणं जमलं नाही.

"काय रे," तिने वकिलाला विचारलं, "इथे एखाद्याने 'हो' लिहिलं तर काय होतं?"

"कुठे?"

"ओळख पटली का, तिथे."

"काय व्हायचंय? सगळं मुसळ केरात. यातून माणूस ओळखू येत नाही, यावर तर आपला हा नवा निबंध उभा आहे. एक 'हो' निघाला की संवाद परत, निबंध परत, आणि आपण दोघं घरी." वकिलाने मान वळवली. "का गं? सापडलं का कुणी ओळखीचं?"

"छे!"

"नाही, तसं असेल तर आधी मला सांग. बायकोला तोंड कसं दाखवायचं त्याची तयारी करतो."

दोघंही हसले. ती जरा जास्तच हसली.

तेवढ्यात सर दारात आले. सर म्हणजे नीतिशास्त्रातलं मोठं नाव. व्याख्यानात नाकाने कांदे सोलावेत तर त्यांनीच. पण पैसे देणाऱ्यांची तारीख जवळ आली की त्यांना एकच प्रश्न सुचे.

"झालं का? संध्याकाळपर्यंत पाठवायचंय. तुमच्या दोघांच्या मुदतवाढीचं त्यावरच अडलंय."

"थोडेच राहिलेत, सर."

"काही अडचण?"

संमतीबाईने पडद्याकडे पाहिलं. नंतर म्हणजे कधी, हे विचारायची चोरी.

"नाही, सर."

सर गेले. तिने 'खोटा दिलासा' या चौकटीत खूण केली. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. ती येईल की नाही हे त्या यंत्राला काय ठाऊक? मग शेवटच्या प्रश्नापुढे 'नाही' निवडलं आणि संवाद जतन केला. जतन केलेला संवाद पुन्हा उघडता येत नसे.

आई ओळखीची नाही असं लेखी देऊन झालं, आणि मग मात्र तिला चैन पडेना. स्वतःची लाज वाटली. तिने तिथेच बसून घरी फोन लावला.

"अगं, आज अशी भरदुपारी? बरी आहेस ना?"

"बरी आहे गं. सहज केला. आई, माझी सायकल आहे का अजून?"

पलीकडून आईचा आवाज एवढा मोठ्याने आला की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"म्हणजे पोहोचलं! मला वाटलंच होतं!"

"काय पोहोचलं?"

"अगं, मी त्याला सांगितलं होतं सायकलचं. त्या फोनमधल्याला. तू त्यातच काम करतेस ना? म्हटलं, माझ्याशी बोलायला हिला फुरसत नाही, पण लोक त्याच्याशी काय बोलतात ते तर रोज वाचते. त्याच्यापाशी सांगून ठेवलं तर कधी ना कधी हिच्या कानावर जाईल. नाहीतर मला काय करायच्यात यंत्राशी गप्पा? तुलाच सांगत होते मी. मिळालं ना तुला?"

शेजारी वकिलाचं टायपिंग थांबलं. तो समोरच बघत होता, पण त्याचे हात कीबोर्डवर तसेच राहिले होते.

"नाही गं, आई," संमतीबाई म्हणाली. "तसं नसतं ते. कोण काय बोललं ते आम्हाला कळत नाही. मला आपली सहज आठवली सायकल."

"हो का."

"हो."

"माझं मेलीचं काहीतरीच." आई उगाच हसली. "येतेस का मग एकदा?"

"बघते. हे काम संपलं की."

"बरं, बरं. कामात असशील. ठेवते." पण तिने लगेच फोन ठेवला नाही. "मग आता ती हवा भरायची सोडून देते हं. पंप मारवत नाही गं. खांदा भरून येतो."

संमतीबाई काही बोलणार, तोवर फोन बंद झाला होता. शेजारी वकिलाने सुटकेचा निःश्वास सोडला आणि तो पुन्हा टाइप करायला लागला.