आठ अल्बम आणि उजवा कान

काकांच्या मागच्या खोलीत एक हजार सहाशे बावीस रेकॉर्ड होत्या. त्यांतल्या एकेचाळीस उन्हाने वाकलेल्या. शिवाय सात कव्हरं नुसतीच होती, आणि एका कव्हरात दोन रेकॉर्ड दाटीवाटीने बसवलेल्या. काकांच्या डाव्या कानात काहीच नव्हतं; तो लहानपणीच तापात गेला. उजव्या कानात खर्जाचं थोडंसं उरलं होतं, तेही दणदणीत वाजवलं तर. त्याच्या वर, जिथे माणसांचं बोलणं असतं आणि गिटारच्या बारीक तारा असतात, तिथे आलेखावरची रेघ खाली उतरत उतरत कागदाबाहेर गेली होती.

तो आलेख मीच काढलेला. श्रवणशास्त्राची पदवी घेऊन मी कानाच्या दवाखान्यात नोकरीला लागले, आणि काही महिन्यांतच सख्खा काका पेशंट म्हणून समोर बसला. काका मला ‘मापाडी’ म्हणतात. लहानपणी मी टेप घेऊन घरभर फिरायचे, कुणाचं नाक, कुणाची खुर्ची, जे सापडेल ते मोजायचे, तेव्हापासूनचं ते नाव.

दवाखान्यातल्या सर्जन बाईंनी उपाय सांगितला होता. कानाच्या आतल्या शंखासारख्या नळीत एक बारीक तार सरकवायची. बाहेरचं यंत्र आवाज पकडतं, तार त्याचे विजेचे ठोके कानाच्या नसेपर्यंत नेते. बोलणं समजू लागतं. मात्र तार आत जाताना कानात उरलंसुरलं जे असतं ते बहुतेक जातं. डावा कान इतकी वर्षं निजलेला होता, की त्याच्यावर तो प्रयोग करण्यात अर्थ नव्हता. म्हणजे द्यायचा तर उजवाच.

“आणि गाणी?” काकांनी विचारलं होतं.

बाईंनी चेहरा त्यांच्या समोर धरून सावकाश सांगितलं, “यंत्र बोलण्यासाठी बनवलेलं आहे. गाणं बऱ्याच जणांना नंतर ओळखू येत नाही.”

“मग विचार करायला हवा,” काका म्हणाले आणि विचार न करता घरी निघून आले.

काकांचं रेकॉर्डचं दुकान होतं. पण सिनेमाची गाणी मागायला कुणी आलं की ते समोरच्या दुकानाकडे बोट दाखवायचे. त्यांच्याकडे असायचे ते कुणी फारसं न ऐकलेले रॉक अल्बम: मित्रांनी मिळून गॅरेजमध्ये केलेले, कुठल्याही मोठ्या कंपनीने हात न लावलेले, दोन-तीनशे प्रतींत संपलेले. दुकान बंद झालं तेव्हा सगळा माल घरात आला, आणि काकूच्या शब्दांत, “माणसांनी कुठे राहायचं ते आता रेकॉर्डना विचारा.”

गेली काही वर्षं काकू नवऱ्याशी बोलायची ती त्याची हनुवटी धरून. तोंड आपल्याकडे वळवायचं, मग वाक्य. भांडणसुद्धा असंच. काका चिडले की डोळे मिटून घ्यायचे, आणि काकूचं भांडण तिथल्या तिथे बंद पडायचं.

“परवा मी न्हाणीघरात पाय घसरून पडले,” काकूने मला सांगितलं. “हाका मारून घसा बसला. हे पलीकडे पेपर वाचत होते. पाऊण तासाने आले. कशाला, तर साबण शोधायला.” ती हसली, पण हातातला टॉवेल पिळतच राहिली. “तूच सांग त्यांना. माझं ऐकत नाहीत. म्हणजे खरंच ऐकत नाहीत.”

मी सांगायला गेले तर काकांनी अट आधीच ठरवून ठेवली होती.

“आठ अल्बम काढलेत,” ते म्हणाले. त्यांचा आवाज आता नेहमीच चढा असायचा. “ऐकण्यासारखे पुष्कळ आहेत, पण हे आठ म्हणजे माझे. रविवारी बसतो. मला ते पोचले, तर कान माझ्याकडे राहणार. नाही पोचले, तर तुमच्या बाईंना देऊन टाकतो. तू साक्षीदार. मापाडी आहेस, लबाडी करणार नाहीस.”

“पोचले की नाही ते कोण ठरवणार?”

“मीच की! कान कुणाचा?”

यातली चूक मला तेव्हाच दिसायला हवी होती. मोजणारा आणि मोजला जाणारा एकच. पण ते इतके खुशीत होते, की मी मान डोलावली.

रविवारी सकाळी पोचले तर स्वयंपाकघरात भांड्यांच्या जाळीत ताटांऐवजी रेकॉर्ड उभ्या करून वाळत घातलेल्या. काकू मऊ फडक्याने शेवटची पुसत होती.

“बुरशी आली होती,” ती जरा ओशाळून म्हणाली. “म्हटलं, करायचंच आहे तर नीट करू दे. उद्या म्हणायला नको, बायकोने घाण रेकॉर्ड ऐकवून कान घेतला.”

काका स्पीकरच्या शेजारी वेताच्या मोड्यावर बसले. उजवा कान त्याच्याकडे, उजवा तळवा त्याच्या लाकडावर. रेकॉर्ड मी लावायची; त्यांचा हात हल्ली सुई टेकवताना थरथरायचा. आवाज इतका मोठा, की खिडकीची काच कुरकुरत होती. मी कानात कापसाचे बोळे घालून बसले.

पहिला अल्बम चार कॉलेजच्या पोरांचा. त्यांना स्टुडिओ एकच दुपार मिळाला होता, म्हणून चुका तशाच ठेवलेल्या. “आता हा ढोलवाला घाई करणार,” काका म्हणाले, आणि ड्रम खरोखरच पुढे धावला. दुसऱ्यात ड्रमच नव्हते. दोन बहिणी नुसत्या टेबलावर थापा मारून गायच्या. तिसरा इतका संथ, की मला पहिल्यांदा वाटलं रेकॉर्ड प्लेअरचा पट्टा सैल झालाय. पण तिसऱ्या गाण्यात सगळी वाद्यं एकेक करून गळून पडली आणि खर्जातली एकटी बेस गिटार उरली, तेव्हा मी बोळे काढून ऐकू लागले. काका डोळे मिटून बोलत होते. कुठे तार बेसुरी लागते, कुठे गायक खोकला दाबतो, सगळं त्या त्या जागी. चौथा झाला, पाचवा झाला. एकही जागा चुकली नाही. माझा आलेख चुकला की काय, असं मला वाटायला लागलं. मनातल्या मनात मी दवाखान्यातल्या चाचणीच्या यंत्राची पुन्हा तपासणी करायचं ठरवलंसुद्धा.

सहावा होता ‘टाकीखालची गाणी’. एका पडक्या पाण्याच्या टाकीत उतरून पाच जणांनी केलेला. काकांनी कव्हर छातीशी धरलं, मग माझ्या हाती दिलं. आतल्या रेकॉर्डवर नुसतं पांढरं लेबल. असे छोटे अल्बम काढणाऱ्यांना छापायला परवडायचं नाही, म्हणून मधल्या कोऱ्या कड्यात सुईने क्रमांक कोरलेला असायचा. मी सुई टेकवली.

“हा घुमतो बघ,” काका म्हणाले. “टाकीचा घुमारा आहे, यंत्राचा नाही. आता तो येईल. फाटका गळा. रडतोय की ओरडतोय कळत नाही.”

गळा आला. तो बाईचा होता. स्वच्छ, जवळून गाणारा, घुमारा नसलेला. मागे कसलीतरी मशीन एका लयीत खटखटत होती.

“आला!” काकांनी तळव्याने स्पीकरवर ताल धरला. “काय तुटून गातोय!”

मी कव्हर उलटसुलट करून पाहिलं. पाच पुरुषांचा फोटो. दारात काकू येऊन उभी राहिली होती, हात ओले.

“हा तो नव्हे,” ती हळूच म्हणाली. हळू बोलायची गरज नव्हती, तरी. “ही कारखान्यातली बाई. ‘ओव्हरटाइम’. ते पट्टे चालतात ना मागे, तिचाच. सत्तावीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय मी. जाळीतून काढून कव्हरात घालताना अदलाबदल झाली माझ्याकडून.”

काका म्हणाले, “बेस आज जरा वेगळा लागतोय. सुई बदलायला हवी.” आणि पुन्हा डोळे मिटून त्या पुरुषाचं गाणं ओठांतल्या ओठांत म्हणू लागले. कारखान्यातल्या बाईचं गाणं संपलं तरी त्यांचं एक कडवं उरलं होतं.

काकूने माझं मनगट पकडलं. “सांगू नकोस.”

“अगं, पण तुलाच तर ऑपरेशन हवंय.”

“हवंय ना. पण असं नको. राहू दे त्यांचं त्यांच्याकडे.”

बाजू संपली. काकांनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा आजारातून उठलेल्या माणसासारखा ताजा दिसत होता. “मापाडी, पोचला की नाही?”

ऐकू न येणारी माणसं चेहरे वाचतात. त्यांनी माझा वाचला, मग काकूचा.

“काय झालं?”

ते उठले, रेकॉर्ड कडांनी उचलून खिडकीशी नेली, तिरकी धरून कोरलेला क्रमांक वाचला. पुन्हा वाचला.

“आधीचे पाच?” त्यांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

मी पुढे जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. “ते बरोबर होते.”

“रेकॉर्ड बरोबर होत्या. मी काय ऐकलं?”

“ते असं सांगता येणार नाही, काका.”

“मग सांगता येईल असं कर. उरलेल्या दोनांतली कुठलीही एक लाव. मला दाखवू नकोस.”

ते मोड्यावर बसले, तळवा लाकडावर, तोंड दाराकडे. मी त्यांच्या पाठीमागे गेले. हाताला आला तो एका नर्सचा अल्बम. रात्रपाळीहून आल्यावर शेजारी जागे होऊ नयेत म्हणून ती दबल्या आवाजात गायची. सोबत गिटारच्या बारीक तारा, बस; खर्ज नावालाही नव्हता. आवाजाचं बटण मी शेवटपर्यंत फिरवलं. खोली तिच्या श्वासाने भरून गेली. बोटं तारेवरून सरकताना होणारी चिरचिर भिंतींवर आपटत होती.

काका थांबले होते. जराशाने म्हणाले, “लाव की.”

मी जागची हलले नाही.

“सुई टेकत नाहीये का? सावकाश टेकव, घाई नाही.”

तेव्हा त्यांची नजर दारातल्या काकूवर गेली. काकूचे ओठ हलत होते. जिने उभा जन्म या संगीताला ‘तुमचं ठणठण’ म्हटलं, ती त्या नर्सबरोबर ओळीमागून ओळ म्हणत होती, आणि आपण म्हणतोय हे तिला ठाऊक नव्हतं. काका तिच्या तोंडाकडे बघत राहिले. अर्ध्या कडव्यात त्यांना गाणं ओळखू आलं. त्यांचेही ओठ हलू लागले, तिच्या अर्धा शब्द मागून.

गाणं संपल्यावर त्यांनी तळवा लाकडावरून उचलला आणि मांडीवर ठेवला.

“वाजत होतं होय,” ते म्हणाले.

काकू त्यांच्यासमोर जाऊन बसली, पण तिने हनुवटी धरली नाही.

“तुला येतं हे?” त्यांनी विचारलं.

“न येऊन सांगते कुणाला? दार तरी कधी लावलंत?”

“आवडतं?”

काकूने विचार केला. “हे आवडतं. बाकीचे सगळे मेले नुसते ओरडतात.”

काका हसले. हसता हसता थांबले, आणि आठवा अल्बम त्यांनी कव्हरातून काढलाच नाही. “मापाडी, बाईंना कळव,” एवढंच म्हणाले.

ऑपरेशननंतर कानाची जखम भरून यायला महिना दिला. यंत्र चालू केलं त्या दिवशी खोलीत सर्जन बाई, मी आणि काकू होतो. काय बोलायचं हे काकूने दोन दिवस घोकलं होतं. ऐन वेळी सगळं विसरली आणि म्हणाली, “अहो, चहा घेणार का?”

काका दचकले. “पत्र्याच्या डब्यात बसून बोलतेयस का?”

“तुम्हीच बसवलंत.”

हेही त्यांना कळलं. ओठांकडे न बघता. काकू तोंडाला पदर लावून बाहेर गेली, आणि दारापलीकडून ती रडतेय हेसुद्धा काकांनीच मला सांगितलं. “कर्कश्श येतंय,” ते म्हणाले, “पण येतंय.”

घरी गेल्यावर त्यांनी रेकॉर्ड लावली नाही. पुढचे काही महिने मागच्या खोलीचं दार बंद होतं. काकू फोनवर सांगायची, आता दुसऱ्या खोलीतून हाक मारली तरी ओ देतात, फक्त वैतागून देतात. एकदा मात्र म्हणाली, “काल विचारत होते, ते नर्सचं म्हणून दाखव. दाखवलं. म्हणाले, शब्द कळले सगळे. बरं गायलीस का वाईट, ते मात्र मला विचारू नकोस.”

सहा महिन्यांनी त्यांची पुन्हा चाचणी घेतली. बोलण्याची ठरलेली होती. दुसरी काकांनी स्वतः मागून घेतली: त्यांच्या आठ अल्बममधल्या बारा चाली, शब्द काढून, नुसत्या पेटीवर. दोन्ही चाचण्या शांत खोलीत झाल्या, माझ्या एका सहकाऱ्याने घेतल्या, आणि मी काचेपलीकडे बसून आकडे लिहिले.

वाक्यांतले शब्द, ओठ न पाहता: शंभरपैकी ब्याऐंशी. चाली: बारापैकी शून्य.