तीनशेची बंदूक आणि रेनोचा खांदा

मी बंदूक बोलतेय. तीनशे मॅग्नम. तीनशे कसले, ते मला विचारू नका. कुणी म्हणतं गोळीची जाडी, कुणी आणखी काही. कारखान्यात नळीवर आकडा ठोकला आणि अमेरिकेत मिशिगनच्या वरच्या टोकाला एका दुकानात पाठवून दिलं. समजावून कुणी सांगितलं नाही.

तिथं रेनो हौताला नावाचा गडी आला. साठी उलटलेला, खडूस. बरोबर धाकटी बहीण एल्मा. गेल्या शिकारीच्या मोसमात रेनोच्या गोळीनं एक हरीण नुसतं जखमी झालं आणि दलदलीत शिरलं. रक्ताच्या थेंबांमागं दोघं दिवसभर फिरले, हरीण काही सापडलं नाही. तेव्हापासून रेनोला जेवण गोड लागेना. यंदा तसंच झालं तर शिकार कायमची बंद, असं तो म्हणायचा. पण दोष जुन्या बंदुकीचा, ती लहान पडली, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

"मोठी दाखव," तो दुकानदाराला म्हणाला.

"ही घे. घोड्याएवढं जनावर आडवं करते."

"आपल्या रानात घोडे कुठायत, दादा?" एल्मानं विचारलं.

"तू गप गं! तुझी ती दोनशे त्रेचाळीसची पिचकारी मला नको."

"त्या पिचकारीनं मारलेलं हरीणच वर्षभर खातोस की!"

तरी त्यानं मलाच उचललं. मी खूश झाले. मोठी म्हणजे चांगली, असं मलाही वाटायचं.

रानातल्या खोपटामागं एका खोडावर कागदी ताटली ठोकली आणि सराव सुरू झाला. माझा धक्का जबर. बार झाला की रेनो कळवळायचा आणि गोळी मातीत जायची. मग माझ्यावरच्या दुर्बिणीला शिव्या, काडतुसांना शिव्या. जड गोळी घातली, हलकी घातली. माझं डोकंच चालेना. कारखान्यात मला शिकंज्यात आवळून उडवलं होतं, तेव्हा सगळ्या गोळ्या एकाच भोकात गेल्या होत्या! मग इथं काय बिघडलं?

"आण इकडं, मी भरून देते," एल्मा म्हणाली. पाठ फिरवून तिनं खटका मागंपुढं केला आणि मला त्याच्या हातात दिलं. माझं पोट तर रिकामं! मी गोंधळले. रेनोनं नेम धरला, डोळे घट्ट मिटले, चाप ओढला.

टक्. बार नाही, धक्का नाही. तरी रेनो दचकला आणि माझी नळी मातीकडं गेली.

"काडतूस घातलंच नाही मी," एल्मा म्हणाली. "मग हादरलास कशाला?"

रेनोनं खांदा चोळला. मग पुटपुटला, "खांदा कापला ना डॉक्टरनं, तेव्हापासून जीव जातो. बार व्हायच्या आधीच भ्या वाटतं. काय सांगू चारचौघांत?"

"सांगितलं नाहीस, म्हणून ते बिचारं दलदलीत तडफडलं."

मला वाटलं आता हा मलाच तिच्या अंगावर फेकणार. पण तो म्हणाला, "दे तुझी बंदूक."

मोसमाच्या पहिल्या सकाळी एल्माची हलक्या धक्क्याची बंदूक घेऊन दोघं गेले. मी खुंटीला. लांबून एक बारीकसा बार ऐकू आला. मी दुसऱ्याची वाट पाहिली. दुसरा झालाच नाही.

दुपारी हरीण ओढत दोघं आले. रेनो बर्फातच बसला, हरणाच्या मानेवर हात ठेवून. "उभ्या जागी गेलं, एल्मे," तो म्हणाला. "एक पाऊलसुद्धा पळालं नाही." हसत होता की रडत होता, मला खुंटीवरून कळेना.

आता मी पुन्हा त्याच दुकानात आहे, जुन्या मालात. माझं काय चुकलं, अजून उमगत नाही. बहुतेक काहीच चुकलं नसावं, आणि तेच मला सोसत नाही. गिऱ्हाईक येतं, आधी नळीवरचा आकडा वाचतं आणि छाती फुगवतं.

बाबांनो, आकडा मागून वाचा. आधी मला खांद्याला लावा. भ्या वाटलं तर तसं सांगा. मला नका सांगू, मी लोखंड. घरात जे कोण खरं ऐकून घेईल, त्याला सांगा. मग मला इथंच ठेवून गेलात तरी चालेल.