तोमासालाही नदीपार नेलं

मला इथे सगळे हुदित म्हणतात. मळ्यावर मी ज्युडिथ होते, पण या लोकांच्या जिभेला ते वळलं नाही, आणि मलाही हेच आवडलं.

माझा नवरा प्राइमस आणि मी टेक्ससमधल्या मळ्यावरच्या गुलामगिरीतून पळालो तेव्हा तोमासा पोटात होती. मेक्सिकोत कुणी कुणाचा मालक नसतो, एवढंच ऐकून दक्षिणेला चालत राहिलो. रिओ ब्राव्हो नदीच्या उत्तर काठावर मेस्कीते नावाची वस्ती लागली. तेव्हा नदीचे दोन्ही काठ मेक्सिकोचे. ब्रिखिदा या विधवेनं, जिला सगळे मानानं 'दोन्या' म्हणत, दार उघडलं, आमच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं नि म्हणाली, "आधी खा. नावगाव मग."

प्राइमस तिच्या शेळ्या राखू लागला. तोमासा तिच्याच घरात जन्मली आणि दोन वर्षांची होऊन तापानं गेली. वस्तीनं आपल्या दफनभूमीत तिला जागा दिली.

मग सीमाच आमच्या मागावर आली. टेक्ससच्या मळेवाल्यांना गुलाम हवे होते, मेक्सिकोच्या कायद्याला चालत नव्हते; ते आधीच मेक्सिकोतून फुटून निघाले होते. त्यांना अमेरिकेत घ्यायचं की नाही, यावर तिकडे नऊ वर्षं भांडण झालं. तिथल्या उत्तरेकडच्या राज्यांतले म्हणत, गुलामांचं आणखी एक राज्य नको. दक्षिणेचे म्हणत, तेच तर हवंय. अखेर घेतलं. पाठोपाठ अमेरिका-मेक्सिकोची लढाई झाली, तह झाला, आणि उत्तर काठ अमेरिकेचा ठरला. पाऊलही न हलवता आम्ही पुन्हा गुलामांच्या मुलखात आलो.

वस्तीतले वडीलधारे सेवेरो म्हणाले, "परक्या निशाणाखाली मी मरणार नाही. पलीकडे चला." ते काही आमच्यासाठी निघाले नव्हते, हे मला कळत होतं. लोकांनी दारं उचकटली, शेळ्या हाकल्या, आणि आपली मेलेली माणसंही उकरून बरोबर घेतली.

मी गाठोडं घेऊन बाजूला उभी होते. दोन्या ब्रिखिदा ओरडली, "अगं, पाहुण्यासारखी उभी काय राहिलीस? तोमासाला कोण काढणार?"

"ती तुमच्यातली नाही, दोन्या."

"माझ्या अंथरुणात जन्मली ती! बाळंतकळांतल्या तुझ्या शिव्यासुद्धा मी ऐकल्यात. आता मला शिकवतेस, कोण कुणाची ते?"

सेवेरोंनी आपल्या आईच्या हाडांसाठी पांढरं कापड आणलं होतं. ते त्यांनी मधोमध फाडलं नि अर्धं माझ्या हाती दिलं.

"तुमच्या आईला पुरेल?" मी विचारलं.

"आई ठेंगणी होती," ते म्हणाले. "आणि लेकरांवर जीव होता तिचा."

पहिल्या होडीत त्यांनी प्राइमसला बसवलं. तो नको म्हणत होता, तरी दंडाला धरून बसवलं. ते बरंच झालं, कारण दुपारी दोन बंदूकवाले घोडेस्वार आले आणि पळालेल्या काळ्या माणसाची चौकशी करू लागले.

"काळ्या शेळ्या आहेत," दोन्या ब्रिखिदा म्हणाली. "चालतील का?"

मी तिच्या मागेच, डोक्यावरून शाल ओढून, लेकीचं गाठोडं छातीशी धरून बसले होते. सेवेरो म्हणाले, "बाई मढं घेऊन बसलीय. टोपी काढा." त्यांनी खरंच टोप्या काढल्या आणि निघून गेले.

आम्ही दक्षिण काठावर नवी वस्ती वसवली. पुढे मला दोन मुलगे झाले. ते कुणाच्याही मालकीचे नाहीत. एकदा धीर करून दोन्या ब्रिखिदाचे आभार मानायला गेले. "दोन्या, तोमासाला तुम्ही..." मी सुरुवात केली.

"कळलं, कळलं," ती म्हणाली. "दूध उतू जातंय, ते बघ आधी."

मी डोळे पुसत चुलीकडे धावले.