फ्रीजची पाठ

या, बसा इकडं सावलीला. एका फ्रीजची गोष्ट सांगतो. भूत नाही, खून नाही, कुणी पळून जात नाही. तरी उठाल तेव्हा छाती हलकी झालेली असेल, ही हमी माझी.

तर प्रतिभानं बर्फाच्या खणात कोपरापर्यंत हात घातला होता. बर्फाच्या जागी नुसतं पाणी, तेही कोमट. तिनं दुधाचं पातेलं हुंगलं आणि तोंड फिरवलं. मग खालच्या चक्क्याचं फडकं उकलून करंगळीनं चाखून पाहिलं. चक्का अजून धरून होता. पण धरून धरणार किती? मे महिना, मखमलाबादचं ऊन, वर पत्रा, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या राजचं जावळ. सगळ्या भावकीला श्रीखंडाचं जेवण सांगून झालेलं.

चक्क्याची काळजी होतीच. पण तिची खरी धास्ती चक्क्याची नव्हती.

तो फ्रीज तिच्या बापानं दिलेला. झुंबरअण्णा ओझरला विमानाच्या कारखान्यात हेल्पर. लग्नात सासरचं काही मागणं नव्हतं. सासू नवसाबाई, नवरा गेल्यावर फुलांचा मळा एकटीनं ओढलेली बाई, ती म्हणाली होती, पोरगी द्या आणि नारळ द्या. पण घराला घर लागून चुलत सासू राहायची, अक्काबाई. तिची जीभ म्हणजे नवा विळा. राजच्या बारशाला ती ओझरला आली आणि चार बायकांत म्हणाली, कारखान्यातल्या माणसाची लेक, मला वाटलं विमान घेऊन येती का काय; आली आपली पाच भांड्यांवर. बायका हसल्या. अण्णा तिथंच पत्रावळी मांडत होता. त्यानं मान वर केली नाही.

पुढं प्रतिभा बाळाला घेऊन सासरी निघाली, तेव्हा मागून टेम्पोत फ्रीज आला. लालभडक, तोंड दिसावं असा. तिचा नवरा जीवन तर फुगून ढोल झाला. गल्लीतलं एक एक माणूस धरून आणून त्यानं गार पाणी पाजलं. सासऱ्यानं नवाकोरा दिला म्हणून सांगितलं.

आणि तो नवा नव्हता. कॉलनीतले एक साहेब रिटायर होऊन गावाला गेले, त्यांचा जुना फ्रीज अण्णानं घेतला आणि गॅरेजात रंगवला. हात आखडता होता, म्हणून पुढून आणि दोन बाजूंनीच रंगवला. पाठ तशीच राहिली. आसमानी, पोपडे आलेली, वर पांढऱ्या रंगात साहेबांच्या क्वार्टरचा नंबर. निघायच्या आदल्या दिवशी अण्णा लेकीला म्हणाला होता,

"पाठ भिंतीकडं ठेव, बाई. नवा घ्यायची ऐपत आली का हा मीच उचलून नेईन."

बोलताना त्यानं तिच्याकडं पाहिलं नव्हतं. बाळाचा तळपाय हातात धरून, त्या तळपायाला सांगितल्यासारखं सांगितलं होतं.

आता कळलं का धास्ती कशाची? फ्रीज बिघडला म्हणजे मेकॅनिक येणार. मेकॅनिक आला म्हणजे मागून बघणार. आणि मेकॅनिक लोकांची सवय तुम्हाला ठाऊक आहे, रोग सांगायच्या आधी ते वय सांगतात.

म्हणून सकाळपासून ती एकटीच झटत होती. दार उघडलं की आतला दिवा लागतो, म्हणजे लाइट आहे. स्टॅबिलायझरचा काटा जागेवर. आतलं बटण पार शेवटाला फिरवलं. दाराचं रबर साबणानं पुसलं, दारात पेपरचा कपटा धरून ओढून पाहिला. कपटा घट्ट बसत होता. फ्रीज घुं करून चालू व्हायचा, जरा वेळ थरथरायचा, आणि टक् करून गप. चढणीला बैल बसावा तसा. अंगाला हात लावला तर आतून गार नाहीच, बाहेरूनच चटका.

मागं मात्र तिनं हात घातला नाही. मागं गोधडी होती, आणि ती गोधडी म्हणजे तिला देव पावला होता.

ते असं झालं. ते दिवस लोडशेडिंगचे. लाइट गेली की नवसाबाई फ्रीजवर गोधडी टाकायची, आतली थंडी निघून जाऊ नये म्हणून. बर्फवाला नाही का लादीवर पोतं टाकत, तसं. लाइट आली की काढायची. फ्रीज तेव्हा स्वयंपाकघरात, कोपऱ्यात होता. पण आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घराला चुना दिला आणि जीवननं तो पुढून मिठी मारून माजघरात ओढत आणला, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत यावा म्हणून. पाठ आली खिडकीकडं. खिडकीपलीकडं अक्काबाईचा ओटा. प्रतिभानं त्याला दोनदा विनवलं, परत कोपऱ्यात ठेवू म्हणून. तो म्हणाला, शोभेची वस्तू काय कोंडून ठेवायची? दोन रात्री तिला झोप नाही. आणि तिसऱ्या दिवशी पाहते, तर मागच्या बाजूला एक गोधडी वरून खालपर्यंत लोंबतेय. सासू काढायची विसरली असणार. प्रतिभानं कुणाला काही विचारलं नाही, गोधडीला बोट लावलं नाही. राहू दे म्हणाली मनाशी. असलेलं पुण्य कामी आलं.

दुपारी जीवन बाजारातून आला. नासलेल्या दुधाचा वास घेऊन म्हणाला, एवढं काय तोंड पाडलंस, वर्ष तरी झालंय का? वॉरंटी असेल. तुझ्या अण्णांना फोन लावतो, पावती घेऊन या म्हणावं, कंपनी गपगुमान दुसरा देईल. आणि त्यानं खिशातून मोबाइल काढला.

"राहू द्या," प्रतिभा म्हणाली. "उद्या येणारच आहेत ते. आजच कशाला?"

"उद्यापर्यंत चक्क्याचं ताक होईल."

"मग मेकॅनिकच आणा."

तिच्या तोंडून गेलं खरं. एका खड्ड्यातून निघायला तिनं दुसऱ्यात पाय ठेवला होता. नवसाबाई उंबऱ्याजवळ बसून निशिगंधाच्या जुड्या बांधत होती. तिनं वर पाहिलं, सुनेकडं, मग फ्रीजकडं, आणि परत दोरा ओढला.

जीवन गाडीवर मागं बसवूनच घेऊन आला द्वारका चौकातल्या मेकॅनिकला, नाथाला. नाथा म्हणजे तोंडाचा पट्टा. दारातूनच सुरू झाला, की उन्हाळ्यात माणसं डॉक्टरला सोडून मलाच फोन करतात. त्यानं पिशवी ठेवली, फ्रीजला कान लावला, पोटाला हात लावला.

"गॅस गेला का?" जीवननं विचारलं.

"तोंड बघून रोग सांगायला मी काय भगत आहे? पाठ बघू द्या."

प्रतिभानं राजला कडेवर घेतलं. पोरगं रडत नव्हतं तरी थोपटायला लागली.

नवसाबाई जुडी खाली ठेवून उठली. गुडघ्यावर हात देत उठायची ती बाई, त्या दिवशी सरळ उठली.

"जीवन, दूध नासलंय. डेअरीतून दूध आण जा. नाथा का बिनचहाचा काम करील?"

जीवन म्हणाला, बघतो तरी काय झालंय ते, मग जातो. तशी ती म्हणाली, तू बघून काय बर्फ पडणार हाय का? जा. आईचा हा आवाज जीवनला लहानपणापासून माहीत होता. तो गेला. फटफटीचा आवाज गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत नवसाबाई दारात उभी राहिली.

मग नाथानं दोन्ही हातांनी मिठी मारून फ्रीज पुढं ओढला, मागं वाकला, आणि हसत सुटला.

"मावशी, फ्रीजला थंडी वाजती का? गोधडी पांघरलीय!"

त्यानं सांगितलं ते साधं होतं. आतली गरमी ह्या मागच्या काळ्या जाळीतून बाहेर पडते. जाळीवरच तुम्ही गोधडी दाबली, वर फ्रीज खिडकीला टेकवला. गरमी जाणार कुठं? बिचारा स्वतःच्याच तापानं फणफणलाय. गॅस बिस काही गेला नाही. काढा ही, तासाभरात गार लागेल. असं म्हणून त्यानं गोधडीला हिसका दिला.

गोधडी आली नाही.

"ही बांधलीय की," नाथा म्हणाला.

प्रतिभा पुढं झाली. गोधडीच्या चारी कोपऱ्यांना नाड्या शिवलेल्या होत्या. बारीक टाक्यानं, नव्या दोऱ्यानं. नाड्या जाळीला बांधलेल्या. गाठ तीच, जी रोज पहाटे निशिगंधाच्या जुडीला बसायची. रुंदीला जास्तीची गोधडी आत दुमडून शिवलेली, फ्रीजच्या मापाला माप.

लाइट गेल्यावर टाकायची गोधडी लाइट आल्यावर काढतात. तिला नाड्या कुणी शिवत नाही.

नवसाबाईनं स्वतः वाकून गाठी सोडल्या. गोधडी खाली पडली आणि आसमानी पाठ उघडी झाली. पोपडे, गंज, मधोमध पांढरा क्वार्टर नंबर. नाथानं बॅटरी मारली, लाल बाजूकडं पाहिलं, परत पाठीकडं पाहिलं. त्याचे डोळे बारीक झाले.

"मावशी, हा तर—"

"नाथा," नवसाबाई म्हणाली, "तुला गार करायला बोलावलंय. रंगाचं आम्ही बघू."

नाथा तोंडाचा पट्टा असला तरी बाजारात वाढलेला माणूस. त्यानं बॅटरी बंद केली. म्हणाला, खरं आहे, मी काय रंगारी नाही. मग जाळीवरची धूळ ब्रशनं झाडली, फ्रीजला जरा निवू दिलं आणि बटण दाबलं. घुं करून तो सुरू झाला. तिघंही ऐकत उभी राहिली. टक् काही झालं नाही. नाथा पाय धुवायला मागल्या नळावर गेला, तिथून त्याची शीळ ऐकू यायला लागली.

प्रतिभा सासूकडं पाहत होती. शेवटी तिनं विचारलंच.

"आत्याबाई, तुम्हाला कधी कळलं?"

"टेम्पोतून उतरवला तेव्हा. तुम्ही सगळ्यांनी पुढून धरला होता. मागून मी धरला होता ना."

"मग बोलला नाहीत?"

"काय बोलायचं?" नवसाबाई गोधडीची घडी घालत होती. "बापानं लेकीला दिलेलं. ते काय मागून बघायचं असतंय?"

मग थोडं थांबून, जरा चिडूनच म्हणाली, की कोपऱ्यात होता तवर झाकलेलं होतं, पण ह्या शहाण्यानं आणून ठेवला अक्काच्या तोंडापुढं, मग मी काय करणार? त्याची गरमी मागून जाती हे मला काय ठाऊक.

प्रतिभाला हसू आलं आणि हसता हसता डोळ्याला पदर लावावा लागला. कडेवरचं पोरगं आईच्या तोंडाकडं बघत राहिलं.

"रडायला काय झालं आता," नवसाबाई म्हणाली. "आधी हा उचलू लाग. नाथालाही हाक मार."

जीवन दूध घेऊन आला तोवर फ्रीज स्वयंपाकघरातल्या जुन्या कोपऱ्यात जाऊन बसला होता, भिंतीपासून वीतभर सोडून. तो काही म्हणायच्या आत नवसाबाईनं सांगितलं, नाथा म्हणतो उजेडात, खिडकीत ठेवायचा नाही, खराब होतो. चहा फुंकत नाथानं जोरात मान हलवली. आणि बिघाड काय होता? तर म्हातारीची अक्कल, नवसाबाई म्हणाली. लाइट गेल्यावर मी गोधडी टाकली आणि काढायची विसरले.

जीवन हसून हसून भिंतीला टेकला. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. अक्काबाईनं तर ओट्यावरूनच विचारलं, नवसे, रात्री त्याला पायमोजे घालती का गं? नवसाबाई म्हणाली, विणायला टाकलेत. तेवढ्यात प्रतिभानं पाण्याची बाटली काढली, तर बाटलीला घाम फुटलेला. ती तशीच गालाला लावून ती कितीतरी वेळ उभी होती.

दुसऱ्या दिवशी जावळ झालं. पंगत बसली. फ्रीज बिघडला होता हे जीवननं सासऱ्याला सांगताच झुंबरअण्णाच्या हातातला घास हातातच राहिला. पण जीवन पुढं गोधडीची गोष्ट रंगवून सांगायला लागला आणि सगळी पंगत खदखदली. सगळ्यात मोठ्यानं अक्काबाई. अण्णानं लेकीकडं पाहिलं. लेक वाढता वाढता थांबली, आणि तिनं डोळ्यांनी सासूकडं दाखवलं.

नवसाबाई श्रीखंडाचं भांडं घेऊन त्याच्याच पानापुढं आली होती.

"घ्या, अण्णा," ती म्हणाली. "तुमच्याच फ्रीजातलं हाय. गार हाय का बघा."

नको म्हणायला पानावर हात आडवा धरतात ना, तसा धरलेला हात अण्णानं हळूच बाजूला घेतला.

एवढंच. आता एक काम करा माझं. मखमलाबादच्या रस्त्यानं जाल तेव्हा निशिगंधाच्या मळ्याशी थांबून त्या घरी पाणी प्या. गोधडीवरून म्हातारीला चिडवायचं तर खुशाल चिडवा, तिला चालतं. फक्त फ्रीजच्या मागं तेवढं डोकावू नका.