ती पोळी माझ्या पाठीवर फाटली

मी एक तवा आहे. जन्माने मात्र मी तवा नाही. जन्माने मी नांगराची तबकडी. मराना गावाच्या बाजूला, कापसाच्या शेतात, ट्रॅक्टरमागे ओळीने वीस तबकड्या फिरायच्या, त्यांतला मी अकरावा. अकरा वर्षं माती फोडली. एक दिवस जमिनीतला दगड लागला आणि माझी कड तडकली. मालक म्हणाला, "फेकून द्या."

ट्रॅक्टर चालवणारा क्रिस्पिन होता. त्याने मला फेकलं नाही. लोहाराकडून मधलं भोक बुजवून घेतलं, कड घासून घेतली आणि टूसॉन शहराच्या दक्षिण भागात आपल्या घरी आणलं. मागच्या अंगणात तीन दगडांवर पालथं घातलं. फुगीर पाठ वर, पोकळ पोट विस्तवाकडे. तेव्हापासून मी असाच आहे.

क्रिस्पिनची बायको त्रिनी. सीमेपलीकडच्या सोनोरा प्रांतातून लग्न होऊन आलेली. तिने कमरेवर हात ठेवून मला पाहिलं.

"लग्नात अंगठी दिली नाहीस, आणि आता हे लोखंड आणलंस?"

"अंगठीवर पोळी भाजता येते का?" क्रिस्पिन म्हणाला.

त्रिनी हसली नाही. पण त्याच संध्याकाळी तिने मला चरबी चोळली. मेस्कीटची काटेरी लाकडं पेटवली, मी काळा होईपर्यंत तापवलं आणि पहिली पोळी टाकली.

इथे पोळीला तोर्तिया म्हणतात. आमची तोर्तिया गव्हाची, आणि मोठी. गोळा आधी दोन तळहातांवर, मग मनगटावर, मग कोपरापर्यंत घेत झुलवायचा. झुलवता झुलवता ती इतकी पातळ होते की तिच्यातून पलीकडचं झाड दिसतं. मग एका झटक्यात माझ्या पाठीवर. दहा आकडे मोजेपर्यंत भाजून तयार. जास्त वेळ ठेवली की पापड झालाच म्हणून समजा.

अशा पोळ्यांतली एखादी फाटते. वारा येतो, पीठ कोरडं असतं, मनगट थकतं. चांगल्या हाताचीही फाटते.

फाटलेली विकायची नाही, हा त्रिनीच्या आईकडचा नियम. विकत घेणारे पुढच्या दाराने येत, डझन बांधून घेत आणि जात. बसायला येणारे मागच्या फाटकाने येत. त्यांच्यासाठी झाडाखाली बाक होता. फाटलेली पोळी त्यांची. वर मीठ, चमचाभर घेवडा, आणि बोटांनी चुरडलेली चिल्तेपिन. ती रानमिरची मिऱ्याएवढीच असते, पण डोळ्यांतून पाणी काढते. त्याचे पैसे नाहीत, आभार नाहीत. एकही फाटली नाही तर नुसती कॉफी. त्यावरही कोणी काही बोलत नसे.

क्रिस्पिन गेला. पुढच्याच हिवाळ्यात नाबोरची बायकोही गेली. हा नाबोर पूर्वी गवंडी होता. त्रिनीच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्याने मुलाला हातात धरलं होतं, म्हणून ती त्याला कोम्पाद्रे म्हणे आणि तो तिला कोमाद्रे. भावाबहिणीहून जवळचं नातं. एकटा झाल्यावर तो रोज सकाळी मागच्या फाटकाने यायला लागला. टोपी गुडघ्यावर ठेवायचा, काठी बाकाला टेकवायचा.

"कोम्पाद्रे, बायको गेल्यापासून जेवतोस कुठे?" त्रिनीने एकदा विचारलं.

"तुझ्या चुकांवर जगतोय."

"मग मरशील उपाशी. मी चुकत नाही."

"काल दोन फाटल्या."

"काल वारा होता."

"वाऱ्याचं भलं होवो," म्हणून तो पोळीला मीठ लावायचा.

नऊ वर्षं हे चाललं. दोघं फार बोलत नसत. एक भाजायची, एक बसायचा. ज्या दिवशी एकही फाटली नाही, त्या दिवशी तो कॉफी पिऊन उठला आणि घरी गेला. असे दिवस पुष्कळ होते. मी मोजले नाहीत, पण पुष्कळ होते.

मग तो वर्तमानपत्रवाला आला. पुढून डझन घ्यायला आलेला तरुण, उन्हाने लाल झालेला. त्रिनीला तो भुकेलेला वाटला. तिने त्याला मागे बोलावून बाकावर बसवलं आणि हातात फाटकी पोळी दिली. माणूस वाईट नव्हता. डोळे पुसत पुसत खाल्लं त्याने. पण घरी जाऊन लिहिलं की टूसॉनमध्ये इथल्या माणसासारखं जेवायचं असेल तर अमुक रस्त्यावर जा, मागच्या अंगणात बसा आणि फाटकी तोर्तिया मागा.

लोक यायला लागले. उन्हाच्या टोप्या, हातात फोन. नेमकं त्याच वेळी त्रिनीच्या डोळ्यांतले मोतीबिंदू काढायचे ठरले. डॉक्टरांनी तीन आठवडे धुरापाशी जायला मनाई केली. ती पुढच्या खोलीत डोळ्यावर पट्टी बांधून बसली आणि माझ्यापाशी तिची सून मिरेया आली.

मिरेया कामसू आहे. हात जरा जड आहे, पण पोळी नीट करते. लोक फाटकी मागत होते आणि तिच्या फाटत नव्हत्या, कारण ती त्या जाड ठेवी. सकाळभर "संपली, संपली" सांगून ती वैतागली. शेवटी तिने एक चांगली अखंड पोळी उचलली, मधे बोट घातलं आणि फाडली. घेणारा खूश. मग दुसरी. तिसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर भाव लिहून फाटकाला टांगला.

त्या दिवशी नाबोर आला. बाकावर पाहुणे बसले होते. तो झाडाला टेकून उभा राहिला. मिरेयाने त्याला पाहिलं. तिचं मन चांगलं आहे. तिने एक अखंड पोळी घेतली, त्याच्या डोळ्यांदेखत फाडली आणि पुढे केली.

"घ्या काका. तुम्हाला फुकट."

नाबोरने हात पुढे केला नाही. "ही तू फाडलीस."

"मग काय झालं? चव तीच आहे."

"त्रिनीही असंच करायची?"

मिरेयाच्या हातात पीठ, समोर दहा माणसं. ती हसत म्हणाली, "काय माहीत बाई! पण काका, नऊ वर्षं तुमच्यासाठी बरोबर एक तरी फाटायचीच की!"

एवढंच बोलली ती. लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

नाबोरचा चेहरा मी पाहिला. त्याने टोपी घातली. फाटक हळू लावलं. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधली आणि कोणाकडे एक वीटही उसनी मागितली नाही, त्याला वाटलं की नऊ वर्षं आपल्याला भीक वाढली गेली, आणि तीही लपवून.

पट्टी सुटल्यावर त्रिनी मागे आली. पुठ्ठा वाचला, काढला आणि माझ्याखाली घातला. मिरेयाला म्हणाली, "पुढे काय विकायचं ते विक. मागे नाही."

"अमा, मी कोणासाठी केलं? घरासाठीच ना?"

"ठाऊक आहे. म्हणून ओरडत नाही. कोम्पाद्रे का येत नाही?"

तेव्हा मिरेयाने सगळं सांगितलं. सांगता सांगता तिलाही कळलं आपण काय बोललो ते, आणि ती रडली. दुसऱ्या दिवशी ती नाबोरच्या दारी जाऊनही आली. "काका, मी थट्टेत बोलले," म्हणाली. तो म्हणाला, "थट्टेतच खरं निघतं, मुली."

तरी आठवड्याने तो आला. फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. त्रिनी पोळी झुलवत होती. तिने त्याला पाहिलं आणि काहीच झालं नाही असं दाखवत हात चालू ठेवला. तेवढ्यात धुळीची वावटळ अंगणातून गेली. पोळी हातातून सुटून माझ्या पाठीवर अर्धी दुमडत पडली. तिने कडा धरून सरळ करायला ओढली आणि ती मधोमध उकलली.

त्रिनीने ती उचलली, मीठ लावलं, हात लांब केला. "ये. बस."

"कोमाद्रे, खरं सांग. ही आपोआप फाटली?"

"काय विचारतोस?"

"विचारतोय ते ऐकलंस तू. आणि आधीच्या?"

तिने एकदा "हो" म्हटलं असतं तर पुरलं असतं. पण ती त्रिनी आहे. "पन्नास वर्षं ओळखतोस मला," ती म्हणाली. पोळी बाकावर ठेवली आणि त्याच्याकडे पाठ केली.

मग काठीचा आवाज लांब गेला. इथल्या हवेत पोळीला कडक व्हायला वेळ लागत नाही. चिमण्यांनी ती टोचून नेली.

आता मिरेया पुढे गॅसवर विकते. माझ्याखाली त्रिनी रोज थोडा विस्तव घालते आणि पाच-सहा पोळ्या करते. एखादी फाटते. ती बाकावर ठेवते, कॉफी घेते, शेजारी बसते. फाटकाकडे बघत नाही. निखारे विझतात आणि मी गार होत जातो. पूर्वीही मी रोज गार व्हायचो, पण तेव्हा दोन माणसांचा आवाज ऐकत व्हायचो.

मला पाय नाहीत. तुम्हाला आहेत. या शहरात आलात तर मला शोधू नका, फोटो काढू नका. इथून तिसरी गल्ली, कोपऱ्यावर विटांचं घर आहे. त्या विटा नाबोरनेच रचल्या आहेत. दार लगेच उघडणार नाही, उभे राहा. त्याला सांगा, तव्याने निरोप दिलाय. त्या दिवशी वावटळ होती. तिची बोटं कडांवर होती, मधे नव्हती. आणि त्याआधीच्या नऊ वर्षांत जेवढ्या फाटल्या, तेवढ्या माझ्या पाठीवर किंवा तिच्या मनगटावर आपल्या आपणच फाटल्या. फाटली नाही त्या दिवशी तिने त्याला नुसती कॉफी दिली, हे त्याने आठवावं.

एवढंच सांगा. पुढचं ते दोघं बघून घेतील.